त्या बातमीचं पुढे काय झालं?

दिवाळीच्या आधी गावी घर आवरायला गेले होते आणि स्वयंपाकघरातल्या फळ्या माझ्या वाट्याला आल्या. आमच्याकडे फळीवर पेपर अंथरायची पद्धत आहे, डबे पितळेचे होते तेव्हापासून, मग स्टीलचे आले, आता प्लास्टिकच्या बरण्या आल्या पण खाली पेपर तो पेपरच. तर हळदीच्या डब्याखालचा कागद काढला, त्यावर डब्याच्या बुडाचा गोल पिवळा डाग पडलेला आणि त्या गोलाच्या बरोब्बर मधे जाड टायपात मथळा होता, महामार्गाचं काम डिसेंबरअखेर मार्गी लागणार. महामार्ग म्हणजे आपला मुंबई-गोवा. तारीख बघायला वरचा कोपरा शोधला तर तो नेमका फाटलेला, त्यामुळे डिसेंबर कुठल्या सालचा ते काही कळेना. आईला विचारलं हा कागद कधी घातलास गं, ती म्हणाली तीन-चार वर्षं झाली असतील, नाहीतर सहा, आणि मग भांडी विसळता विसळता तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, कुठलीही बातमी वाचून दाखवली की ती हेच विचारते, "मग त्याचं पुढे काय झालं?"

काय झालं ते अख्ख्या कोकणाला माहितीये. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, त्यानंतर किती डिसेंबर आले, किती मे अखेर आल्या आणि किती 'गणपतीपूर्वी' येऊन गेले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मी तो कागद हातात धरून तशीच बसून राहिले आणि मनात आलं की समजा तो डिसेंबर खरा झाला असता तर? चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबईहून निघालेली माझी मावशी सकाळच्या चहाला घरात असती, मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या काकांना माणगावच्या रांगेत तीन-तीन तास पाय आखडून बसावं लागलं नसतं, आंब्याच्या पेट्या गचके न खाता वाशीला पोचल्या असत्या, आणि कंबरेला पट्टा बांधून फिरणारी आमच्या वाडीतली निम्मी ड्रायव्हर मंडळी ताठ चालली असती. मी हसत होते खरी, पण मला आमच्याच गावातला एक माणूस आठवला, त्याने असलीच एक बातमी वाचून, कात्रण कापून खिशात ठेवून, रस्त्याकडेची जागा भाड्याने घेतली आणि टायर-पंक्चरचं दुकान टाकलं होतं. रस्ता होणार, गाड्या वाढणार, पेपरातच आलंय ना. दोन वर्षं भाडं भरलं त्याने, समोर खडी आणि चिखल बघत, मग बंद केलं. त्याच्या दुकानाची बातमी कुठे आली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ज्या पेपरने मथळा छापला त्यानेच ठरावीक काळाने त्या मथळ्याचं पुढे काय झालं तेही छापलं पाहिजे, आणि जिथे तो साफ चुकला तिथे त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात सांगितलं पाहिजे. मथळा वाचून माणसं काहीतरी करतात, जागा घेतात, पेरणी करतात, प्रवास रद्द करतात, घाबरतात, आणि मग त्यांना एकटं सोडून पेपर दुसऱ्या दिवशीच्या बातमीकडे निघून जातो.

जुने पेपर चाळायची मला सवय आहे, रद्दीचा गठ्ठा बांधायला घेतला की अर्धा दिवस त्यातच जातो, आणि वर्षानुवर्षं तेच तेच शब्द दिसतात. प्रशासन खडबडून जागं झालं, हे वाक्य घ्या. नाल्याचं पाणी घरात शिरलं की प्रशासन खडबडून जागं होतं, इमारत पडली की होतं, पूल पडला की होतं. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा खडबडून जागं झालं याचा अर्थ मधल्या काळात ते पुन्हा झोपलं होतं, आणि 'प्रशासन पुन्हा झोपलं' असा मथळा मी आजतागायत वाचलेला नाही, खरी बातमी तर ती आहे ना, कुठल्या तारखेला झोपलं, कोण कोण झोपलं, कुणाच्या सहीने झोपलं. किंवा 'रस्ता घेणार मोकळा श्वास'. चौक, फुटपाथ, नद्या, तलाव, किल्ले, आपल्याकडे सगळेच मोकळा श्वास घेणार असतात, आणि हे सगळे श्वास एकाच दिवशी खरंच घेतले गेले असते तर दारातली वाळत घातलेली पापडं शेजारच्या तालुक्यात जाऊन पडली असती. आजवर प्रकल्पांना मिळालेले हिरवे कंदील माळेत ओवले तर दिवाळीला महाराष्ट्रात वेगळी रोषणाई करायला नको. संतापाच्या जेवढ्या लाटा उसळल्या त्यांनी आमचा किनारा कधीच धुऊन नेला असता. आणि बळीराजा सुखावला, हा दर जूनचा मथळा, पहिली सर पडली की तो सुखावतो, पाऊस ओढ देतो, मग दुबार पेरणीचं संकट असा दुसरा मथळा येतो, पण त्या सुखावलेल्या माणसाने दुसऱ्यांदा बियाणं कुठून आणलं, कुणाकडून उधार घेतलं, ते फेडलं का, हे फार क्वचित वाचायला मिळतं.

मथळा लिहिणाऱ्या माणसावर माझा राग नाही. रात्री डाक आवृत्तीचं पान सोडायची वेळ झालेली असते, जागा चार कॉलमची, शब्द बसवायचे पाच, आणि समोर बातमी अर्धीच आलेली. अमेरिकेत १९४८ च्या निवडणुकीत 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने 'ड्युईकडून ट्रुमन पराभूत' असा मथळा छापला, तोही असाच. छपाई कामगारांचा संप चालू होता, पानं लवकर तयार करावी लागत होती, निकाल यायच्या आधी अंदाज बांधला आणि अंक निघाला. ट्रुमन जिंकले, आणि सेंट लुईस स्टेशनवर रेल्वेच्या डब्यातून तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसतानाचा त्यांचा फोटो आजही फिरतो. त्या मथळ्याप्रमाणे ड्युईच राष्ट्राध्यक्ष झाले असं धरून दुसऱ्या दिवशी कुणी अभिनंदनाच्या तारा केल्या असतील, हार ऑर्डर केले असतील, त्यांचं काय? पण ती चूक तरी हसण्यावारी गेली, कारण ज्याच्यावर अन्याय झाला तोच माणूस जिंकून हातात अंक घेऊन उभा होता.

'टायटॅनिक'च्या वेळी तसं झालं नाही. १५ एप्रिल १९१२ ला जहाज बुडालं आणि पहिल्या दिवसा-दीड दिवसात लंडनच्या 'डेली मेल'ने जहाज बुडालं पण जीवितहानी नाही असं छापलं, न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकाने सगळे वाचले असं छापलं. वायरलेसच्या संदेशांची सरमिसळ झाली होती. पंधराशेच्या वर माणसं गेली होती. मी नेहमी विचार करते की तो मथळा वाचून ज्या बाईने देवाचे आभार मानले असतील, पोरांना जवळ घेतलं असेल, चुलीवर काहीतरी गोडाचं टाकलं असेल, तिच्या घरी खरी बातमी पोचेपर्यंतच्या त्या काही तासांचं काय करायचं? तो मथळा खरा असता तर किती बरं झालं असतं, हे एवढ्या मनापासून दुसऱ्या कुठल्या मथळ्याबद्दल वाटत नाही.

आपल्याकडे भीतीचे मथळे जास्त. माझी आजी १९६२ ची अष्टग्रही सांगायची. ३ ते ५ फेब्रुवारी, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, प्रलय होणार, महिनोनमहिने तेच छापून येत होतं, देशभर होमहवनं चालली होती, लोकांनी प्रवास टाळले, आजीच्या माहेरी एक लग्न पुढे ढकललं. आता हे आठ कोण, तर सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू. त्यातले सूर्य-चंद्र एकत्र दिसणार कारण अमावास्या होती, ५ तारखेला सूर्यग्रहणही होतं, आणि केतू म्हणजे काही गोळा नव्हे, चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो तो बिंदू, ग्रहण असलं की राहू किंवा केतू जवळपास असणारच. उरलेले पाच ग्रह एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर लांब, फक्त आपल्या डोळ्यांना एका बाजूला दिसत होते, जशी लांबून दीपमाळ, मागचा डोंगर आणि वरचा चंद्र एका रेषेत दिसावीत तसे. हे समजायला शाळेतलं शास्त्र पुरतं. आजी म्हणायची की ६ तारखेला सकाळी सगळे उठले, गाईचं दूध काढलं, चूल पेटली, आणि कोणीच काही बोलेना, सगळ्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं. आणि ते पुढे ढकललेलं लग्न नंतर मोडलं. कशामुळे मोडलं ते ती कधी सांगायची नाही, पण आजीच्या हिशेबात त्या प्रलयात एक मुलगी बुडालीच.

मग १९७९ ची स्कायलॅब. नासाची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा, जुलैमधे पृथ्वीवर पडणार, कुठे पडणार सांगता येत नाही. आमच्या भागात अजून म्हातारी माणसं सांगतात की कोंबड्या कापून खाल्ल्या, उधाऱ्या मागायला कोणी जाईना आणि फेडायला कोणी येईना, उद्या मरायचंच आहे तर. ११ जुलैला ती पडली, हिंदी महासागरात आणि तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाभोवती, आणि तिथल्या स्थानिक संस्थेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. मला ही गोष्ट फार आवडते. समजा तो तुकडा आमच्या भाताच्या खाचरात पडला असता तर? तलाठ्याने पंचनामा केला असता, सर्व्हे नंबर टाकून, 'आकाशातून पडलेली लोखंडी वस्तू एक, अंदाजे वजन', पंच म्हणून शेजारचे दोघे, नुकसानभरपाईसाठी सातबारा जोडा म्हणाले असते, मग तो शेतकरी नासाकडून पैसे येणार म्हणून तालुक्याला हेलपाटे घालत राहिला असता आणि आज त्याची नातसून टोकन नंबर घेऊन उभी असती. यातही एक मथळा नक्की आला असता, स्कायलॅबग्रस्त शेतकऱ्याला लवकरच दिलासा.

इथपर्यंत हसायला येतं. पण १० सप्टेंबर २००८ ला युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवायचा तो मोठा प्रयोग सुरू झाला तेव्हा आपल्या टीव्हीवर दिवसरात्र पृथ्वी फुटतानाची चित्रं दाखवत होते, कृष्णविवर तयार होणार, सगळं गिळून टाकणार, आणि मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने जीव दिला. त्या बातम्या बघून ती घाबरली होती असं तिच्या वडिलांनी सांगितल्याचं तेव्हा छापून आलं. प्रलय आलाच नाही, मशीन काही दिवसांत बंद पडलं, नंतर दुरुस्त होऊन वर्षानुवर्षं चाललं, त्यातून हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडला. ज्यांनी ती फुटणारी पृथ्वी दाखवली त्यांनी नंतर तेवढाच वेळ, तेवढ्याच मोठ्या आवाजात, तसं काही होणार नव्हतं आणि आम्ही चुकलो असं म्हटल्याचं मला आठवत नाही. हे मला विसरता येत नाही.

चूक कबूल करता येते, उशिरा का होईना. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जानेवारी १९२० ला रॉबर्ट गोडार्ड या रॉकेटवाल्या प्राध्यापकांची खिल्ली उडवली होती, वर हवाच नाही तर रॉकेट पुढे जाणार कसं, शाळेत शिकवतात तेवढंही या गृहस्थांना कळत नाही असा सूर होता. मग अपोलो ११ चंद्राकडे निघालं आणि दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्याच पेपरने दुरुस्ती छापली की रॉकेट पोकळीतही चालतं हे आता सिद्ध झालं आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. एकोणपन्नास वर्षांनी. लोक ही गोष्ट मोठेपणा म्हणून सांगतात आणि मोठेपणा आहेच, पण गोडार्ड १९४५ सालीच गेले होते. दुरुस्ती ज्याच्यासाठी असते तो वाचायला जिवंत असताना यायला हवी.

आणि आपल्या भाषेत तर मथळ्याची किंमत मोजण्याची परंपरा आहे. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'चा मथळा ६ जुलै १८९७ चा, रँडच्या खुनानंतर पुण्यावर जो वरवंटा फिरत होता त्यावरचा. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, खटला १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून चालला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटून आल्यावर पुन्हा लेखणी हातात घेतली तेव्हा ४ जुलै १८९९ च्या अग्रलेखाचं नाव होतं 'पुनश्च हरि: ओम्', आणि ते शब्द इतके टिकले की २०२० च्या जूनमधे लॉकडाऊन सैल करताना उद्धव ठाकरेंनी तेच वापरले आणि सगळ्या महाराष्ट्राला ते समजावून सांगावे लागले नाहीत. १९०८ ला 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांसाठी सहा वर्षं मंडाले. म्हणजे मथळा छापला की त्याचं जे काही होईल ते माझ्या अंगावर, असं मानणारा संपादक आपल्याकडे होऊन गेला. आजच्या संपादकांनी तुरुंगात जावं असं कोण म्हणेल, मी तर मुळीच नाही, पण आतल्या पानावर, राशीभविष्याच्या खाली, बोटभर खुलासा टाकून मोकळं व्हायचं हे त्या घराण्याला शोभत नाही. प्रेस कौन्सिलच्या नियमांतसुद्धा लिहिलंय की चूक लक्षात आली की दुरुस्ती तातडीने आणि योग्य ठळकपणे छापावी.

कोणी म्हणेल की लोकांना जुनं वाचायचं नसतं, जागा कुठे आहे, जाहिराती कुठे जातील. मला हे पटत नाही. 'पन्नास वर्षांपूर्वी', 'शंभर वर्षांपूर्वी' ही सदरं लोक आवडीने वाचतात, आमच्याकडे अण्णा आधी तेच उघडायचे. त्या सदराखाली फक्त एक ओळ वाढवा, पुढे काय झालं. अमुक धरणाचं भूमिपूजन, पुढे काय झालं, पाणी आलं का, विस्थापितांना जमीन मिळाली का. अमुक घोटाळ्यात चौकशीचे आदेश, अहवाल आला का, आला तर कुठल्या कपाटात आहे. आणि याची आता जास्तच गरज आहे कारण मोबाईलवरच्या बातमीचा मथळा सकाळी एक असतो, दुपारी गुपचूप दुसरा होतो, संध्याकाळी लिंकच उघडत नाही, म्हणजे चूक झाली होती याचा पुरावासुद्धा राहत नाही. कागदाचं तसं नाही, तो हळदीच्या डब्याखाली का होईना, राहतो.

आणि हिशेब काढला तर सगळे मथळे खोटेच निघतील असंही नाही. कोकण रेल्वे येणार, हे माझ्या आजोबांच्या पिढीने इतकी वर्षं वाचलं की ते वाक्य घरात थट्टेला वापरायचे, परीक्षेत पास कधी होणार, कोकण रेल्वे आली की. आणि ती आली. १९९० ला कॉर्पोरेशन झालं, डोंगर फोडले, बोगदे काढले, जॉर्ज फर्नांडिस, मधू दंडवते, श्रीधरन या माणसांनी ते काम रेटलं, आणि २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण होऊन खुला झाला. आजोबा तेव्हा नव्हते. पण जुन्या थट्टेच्या बातम्या एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला असं एखाद्या पेपरने छापलं तर पोरांना कळेल की कुठला मथळा कशामुळे खरा होतो, कोणी काय केलं तेव्हा झाला, आणि जो खरा झाला नाही तो कुणामुळे अडला.

त्यासाठी दिवससुद्धा तयार आहे. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो, सत्कार होतात, शाली-श्रीफळं होतात. दर्पण म्हणजे आरसा. त्या दिवशी प्रत्येक मराठी पेपरने पहिलं पान मागच्या वर्षाच्या आपल्याच मथळ्यांना द्यावं, डाव्या कॉलमात छापलं होतं ते, उजव्या कॉलमात घडलं ते, आणि जिथे काही घडलंच नाही तिथे उजवा कॉलम कोरा सोडावा. तालुका आवृत्तीपासून मुंबईच्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांनी. जिल्ह्याच्या वार्ताहराला हे सगळं पाठ असतं, त्याला फक्त जागा द्यायची आहे.

फळीवरचा तो कागद मी टाकला नाही. आईने नवीन पेपर आणून दिला अंथरायला, त्यावरही एका पुलाची बातमी होती, येत्या मार्चपर्यंत वाहतुकीला खुला. या वेळी मी कोपरा आधी तपासला, तारीख शाबूत होती, तिच्याभोवती पेनाने गोल केला आणि हळदीचा डबा वर ठेवताना ती झाकणार नाही असा थोडा आत सरकवला. आई म्हणाली मार्चमधे तूच ये मग बघायला.